गाठ झाल्यावरची रक्त पातळ करायची गोळी: पहिल्या दिवसापासून बंद होईपर्यंत नेमकं काय करायचं

पायाच्या शिरेत किंवा फुफ्फुसात रक्ताची गाठ झाली, हॉस्पिटलात काही दिवस काढले आणि आता घरी जाताना हातात गोळ्यांची पिशवी आणि फाईल आहे, अशा पेशंटसाठी आणि त्याहून जास्त त्याच्या घरातल्या माणसांसाठी हे लिहितोय. मी सोलापुरात मेडिकलच्या काउंटरवर असतो आणि लोकांच्या चुका त्याच त्याच होताना बघतो. कुणी सूज उतरली म्हणून महिन्याभरात गोळी सोडतं, कुणी चुकीच्या ताकदीची स्ट्रिप घेऊन जातं, कुणी गुडघे दुखतात म्हणून शेजारणीनं दिलेली पेनकिलर वरनं घेतं. यातली एकही चूक मुद्दाम केलेली नसते, कुणी नीट समजावून सांगितलेलं नसतं एवढंच.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवा. ही गोळी झालेली गाठ विरघळवत नाही. ती गाठ वाढू देत नाही, नवीन होऊ देत नाही आणि तेवढ्या वेळात शरीर स्वतःच जुनी गाठ हळूहळू साफ करतं. म्हणून पाय हलका वाटायला लागला म्हणजे काम संपलं असं नाही. डोस ठरवणं, बदलणं, बंद करणं हे डॉक्टरांचं काम. त्यांनी सांगितलेलं घरी बिनचूक कसं पार पाडायचं ते खाली क्रमानं देतोय.

१. डिस्चार्जच्या दिवशीच विचारून लिहून घ्या

घरी आल्यावर फोन करून विचारू असं म्हणू नका, त्या दिवशी डॉक्टर समोर असतात तेव्हाच विचारा. गाठ कुठं होती आणि ती कशामुळं झाली असं त्यांना वाटतं, गोळीचं नाव काय आणि ताकद किती एमजी, दिवसातून किती वेळा, किती दिवसांनी डोस बदलणार आहे, कमीत कमी किती महिने घ्यायचीय, पहिली रक्ततपासणी कधी आणि रात्री-बेरात्री काही झालं तर कोणत्या नंबरवर फोन करायचा. हे सगळं कागदावर हवं, तोंडी नको, कारण डिस्चार्जच्या गडबडीत ऐकलेलं निम्मं विसरतं.

डोस नेहमी एमजीमध्ये लिहून घ्या. "अर्धी गोळी" किंवा "ती गुलाबी गोळी" असं लिहिलं की घोटाळा ठरलेला, कारण एकाच औषधाच्या १, २, ३, ५ एमजीच्या गोळ्या असतात आणि कंपनी बदलली की रंग बदलतो. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळत असतील तर दर वेळी कंपनी तीच असेल असं नाही, तेव्हा रंगावर विसंबू नका, स्ट्रिपवरचं नाव आणि आकडा वाचा.

आपल्या सोलापुरात बऱ्याच घरांत आजी-आजोबा तेलुगू किंवा कन्नड वाचतात, मराठी बोलतात पण वाचायला अवघड जातं. गोळी कोण घेणार त्याला जी लिपी येते त्या लिपीत डब्यावर चिठ्ठी लावा. सुनेला वाचता येतं म्हणून भागत नाही, सून माहेरी गेली की काय करणार.

तपासा: जुन्या चालू गोळ्या (बीपी, शुगर, थायरॉईड, फिट, टीबी) डॉक्टरांना दाखवल्या का? नुसतं "शुगरची गोळी चालू आहे" म्हणू नका, सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या.

२. तुमची गोळी कोणत्या गटातली ते ओळखा

ह्या पायरीवर नीट थांबा, कारण पुढचे बरेच नियम गटाप्रमाणे बदलतात. शेजारच्या काकांचा नियम तुम्हाला लागू होईलच असं नाही.

पहिला गट जुना: वॉरफरिन आणि असेनोकुमारॉल. आपल्याकडं वॉर्फ आणि अ‍ॅसिट्रॉम ही नावं जास्त चालतात. ह्या गटात आयएनआर नावाची, रक्त गोठायला किती वेळ लागतोय ते सांगणारी रक्ततपासणी परत परत करावी लागते आणि खाण्यापिण्याचा परिणाम होतो. ह्या गोळीचा पूर्ण परिणाम यायला काही दिवस लागतात, म्हणून सुरुवातीला पोटावर घ्यायची हेपरिन जातीची, लगेच रक्त पातळ करणारी इंजेक्शनं सोबत चालतात, कमीत कमी ५ दिवस, आणि आयएनआर २ च्या वर जाऊन निदान एक दिवस टिकेपर्यंत. गोळी सुरू झाली की इंजेक्शन कशाला, असं म्हणून मधेच इंजेक्शन बंद करणं ही फार धोक्याची चूक आहे.

आणि वॉरफरिन आणि असेनोकुमारॉल ह्यांचे एमजी सारखे धरू नका. ३ एमजीची एक मिळाली नाही म्हणून ३ एमजीची दुसरी घेतली तर आयएनआर भलतीकडंच जातो, असेनोकुमारॉल एमजीला एमजी जास्त जोरदार आहे. मेडिकलवाला "हेच आहे, घ्या" म्हणाला तरी डॉक्टरांना फोन केल्याशिवाय घेऊ नका, हे मी स्वतः मेडिकलवाला असून सांगतोय.

दुसरा गट नवा: रिव्हारॉक्साबॅन, अ‍ॅपिक्साबॅन, डॅबिगॅट्रान. ह्यांना आयएनआर लागत नाही, पालेभाजीचं पथ्य नाही. पण त्यांचा असर लवकर उतरतो, साधारण एक-दोन दिवसांत, त्यामुळं दोन दिवस गोळी चुकली म्हणजे तुम्ही उघड्यावर आलात.

ह्या गटात डोस बदलायची तारीख फार महत्त्वाची. गाठीच्या उपचारात रिव्हारॉक्साबॅन सहसा पहिले २१ दिवस १५ एमजी दिवसातून दोनदा असते, मग २० एमजी एकदा. अ‍ॅपिक्साबॅन पहिले ७ दिवस १० एमजी दोनदा, मग ५ एमजी दोनदा. काउंटरवर काय होतं, पेशंटचा मुलगा संपलेली स्ट्रिप दाखवतो आणि "हीच द्या, महिन्याची द्या" म्हणतो, आणि पेशंट तीन आठवड्यांनंतरही मोठा डोस घेत राहतो. किंवा उलटं, सुरुवातीचा मोठा डोस न घेता थेट महिन्याचा छोटा डोस सुरू होतो. दोन्ही चूक. कॅलेंडरवर, म्हणजे घरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयावरच, डोस बदलायच्या तारखेला लाल गोल करा आणि नवीन डोस आकड्यात लिहा.

रिव्हारॉक्साबॅनची १५ आणि २० एमजीची गोळी पोटभर जेवणासोबतच घ्यायची, नाहीतर ती अंगी नीट लागत नाही. चहा-बिस्किटावर नाही. अ‍ॅपिक्साबॅनला हा नियम नाही. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडायची नाही, चावायची नाही, मूळ पॅकिंगमधून काढून डबीत भरून ठेवायची नाही, ओल लागली की खराब होते, आणि ती भरपूर पाण्याबरोबर बसून घ्यायची.

इशारा: इकोस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन, ती ह्या गोळीच्या जागी चालत नाही. "दोन्ही रक्त पातळच करतात ना, ती स्वस्त आहे" म्हणून अदलाबदल केलेली मी पाहिलीय. शिरेतल्या गाठीचा उपचार चालू असताना इकोस्प्रिनवर विसंबता येत नाही, आणि दोन्ही एकत्र घेतल्या तर रक्तस्रावाची शक्यता वाढते. हृदयात स्टेंट असेल तर दोन्ही लागू शकतात, पण ते डॉक्टरच ठरवणार.

३. वेळ, साठा आणि वही

गोळीची वेळ रोज तीच ठेवा. आयएनआरवाली गोळी असेल तर संध्याकाळची वेळ सोयीची, कारण सकाळी रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी डोस बदलला तर त्याच रात्रीपासून बदल करता येतो. रिव्हारॉक्साबॅन २० असेल तर जे जेवण तुम्ही कधीच चुकवत नाही त्याच्यासोबत. यंत्रमागावर शिफ्ट बदलती असते, आज दिवसपाळी आणि पुढच्या आठवड्यात रात्रपाळी, अशा माणसांनी शिफ्ट बदलली तरी गोळीची घड्याळातली वेळ बदलायची नाही, मोबाईलमध्ये गजर लावायचा आणि कारखान्यात डब्यासोबत एक दिवसाची गोळी ठेवायची.

साठा संपायच्या निदान ७ दिवस आधी पुढची खरेदी. शनिवारी रात्री येऊन रविवारच्या गोळीची चौकशी करणारे खूप असतात आणि ह्या गोळ्यांची प्रत्येक ताकद प्रत्येक दुकानात असतेच असं नाही, तालुक्याच्या गावी तर आणखी अवघड. परवडत नसेल तर गोळी दिवसाआड करू नका, निम्मी करू नका. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की महिन्याला एवढं झेपत नाही. नव्या गोळ्यांच्या आता जेनेरिक आवृत्त्या मिळतात, जनऔषधी केंद्रात विचारता येतं, आणि जुन्या गटातली गोळी तर मुळातच स्वस्त आहे. यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही.

वही साधी करा, शंभर पानी. रोज तारीख, किती एमजी, घेतली की टिक. त्याच वहीत आयएनआरचे आकडे, डोसमधले बदल, कुठलं नवीन औषध चालू झालं तर ते, नाकातून किंवा हिरडीतून रक्त आलं तर ते. डॉक्टरसमोर ही वही ठेवली की दोन मिनिटांत चित्र स्पष्ट होतं, आणि "बहुतेक घेतली असेल" हे उत्तर द्यावं लागत नाही.

गोळी चुकली तर? जुन्या गटात त्याच दिवशी आठवलं तर घ्या, दुसऱ्या दिवशी आठवलं तर कालची सोडून द्या, आजची नेहमीसारखी, आणि वहीत लिहा. अ‍ॅपिक्साबॅन आठवल्याबरोबर त्याच दिवशी घ्या, पुढच्या वेळी दोन घेऊ नका. रिव्हारॉक्साबॅन दिवसातून एकदा असेल तर त्याच दिवशी घ्या, दुसऱ्या दिवशी डबल नाही. पण पहिल्या २१ दिवसांत, दिवसातून दोनदा चालू असताना एक चुकली तर लगेच घ्यायची, त्या दिवसाचे ३० एमजी पूर्ण व्हावेत म्हणून दोन गोळ्या एकदम घेतल्या तरी चालतं. फक्त ह्याच टप्प्यात. बाकी कधीच डबल नाही.

तपासा: पाकिटात एक चिठ्ठी आहे का? नाव, गोळीचं नाव, डोस, कशासाठी, घरच्यांचा नंबर. रस्त्यावर अपघात झाला तर तुम्ही बोलू शकालच असं नाही, ती चिठ्ठी बोलेल.

४. आयएनआर तपासणी (फक्त जुन्या गटासाठी)

गाठीच्या बहुतेक पेशंटना आयएनआर २ ते ३ च्या मधे हवा असतो. २ च्या खाली म्हणजे संरक्षण कमी, ३ च्या बऱ्याच वर म्हणजे रक्तस्रावाची भीती. तुमचा नेमका आकडा डॉक्टरांकडून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

सुरुवातीला दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याला, आकडा स्थिर झाला की महिन्याला, आणि फारच स्थिर असेल तर डॉक्टर आणखी लांबवतात. शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. रक्त निळ्या झाकणाच्या नळीत घेतात आणि ती नळी खुणेपर्यंत भरावी लागते, अर्धी भरली तर रिपोर्ट चुकू शकतो, तेव्हा शीर सापडत नाही म्हणून थोडंच रक्त निघालं तर परत घ्यायला सांगायला संकोच करू नका. उपाशी पोटी जायची गरज नाही. सुई काढल्यावर पाच मिनिटं तरी कापूस दाबून धरा, हात वाकवून बसू नका, दाबा.

रिपोर्ट घेऊन घरी ठेवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. लॅबमधून कागद आणला, फाईलला लावला, पुढच्या अपॉइंटमेंटला दाखवू म्हणाले, आणि आकडा ५ होता. रिपोर्ट त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत गेला पाहिजे, फोटो काढून पाठवा, फोन करा. ४.५ च्या वर असेल तर संध्याकाळपर्यंतसुद्धा थांबू नका, आणि रक्त कुठून येत असेल तर आकडा काहीही असो, थेट दवाखान्यात.

आकडा बघून स्वतःच डोस बदलू नका. आज डोस बदलला तर त्याचा परिणाम आयएनआरमध्ये दिसायला दोन-तीन दिवस लागतात. लोक आज वाढवतात, उद्या तपासतात, वाढला नाही म्हणून परत वाढवतात, आणि आठवड्यानं आकडा भलताच वर गेलेला असतो.

इशारा: जुलाब, उलट्या, ताप, जेवण तुटणं, नवीन अँटिबायोटिक, ह्यातलं काहीही झालं की ठरलेल्या तारखेची वाट न बघता लवकर आयएनआर करायचा का ते विचारा.

५. जेवण: पालेभाजी बंद करू नका

"पालेभाजी बंद" असा निरोप घरोघरी पोचलाय आणि तो अर्धवट आहे. मेथी, पालक, शेपू, चुका, राजगिरा, कोथिंबीर, कोबी ह्यांच्यात व्हिटॅमिन के असतं आणि ते जुन्या गटातल्या गोळीच्या उलट काम करतं. पण त्रास भाजीचा नसतो, अचानक बदलाचा असतो. आठवड्याला दोनदा मेथी-भाकरी खात असाल तर दोनदाच खात राहा, डोस त्याप्रमाणे बसवला जातो. एकदम बंद केली की आयएनआर वर जातो, आणि संक्रांतीला भोगीची भाजी, मग शेतात हुरडा पार्टी, मग चार दिवस पालकाची पातळ भाजी असं झालं की खाली येतो. कडक भाकरी, शेंगा चटणी, डाळ, मटण ह्याला काही बंदी नाही. नव्या गटातल्या गोळ्यांना तर भाजीचा प्रश्नच नाही, उगाच माणसाला भाजीवाचून ठेवू नका.

दारू मात्र दोन्ही गटांना वाईट, कारण माणूस पडतो, डोक्याला लागतं, पोटात रक्तस्राव होतो, लिव्हर बिघडतं.

हळद, आलं, लसूण स्वयंपाकात घालता तेवढं चालतं. पण त्याच गोष्टींच्या कॅप्सूल, अर्क, रोजचा काढा, ओळखीतून आलेली पुडी, गाठ विरघळवणारं म्हणून मिळणारं चूर्ण, हे डॉक्टरांना न दाखवता अजिबात नाही. त्यात काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नसतं.

६. दुसरी औषधं: खरा धोका इथं आहे

गोळी नीट घेणाऱ्या पेशंटलाही रक्तस्राव होतो तो बऱ्याचदा ह्या वाटेनं. अंग दुखलं, दाढ दुखली, ताप आला, आणि दुकानात जाऊन "काहीतरी द्या" म्हटलं.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, असेक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ह्या पेनकिलर नकोत. त्या वेगवेगळ्या नावांनी, पॅरासिटामॉलसोबत मिसळूनही येतात, म्हणून स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचायला सांगा. दुखण्यासाठी साधी पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते, पण वॉरफरिनवर असाल आणि ती सलग चार-पाच दिवस भरपूर घ्यावी लागली तर तीही आयएनआर थोडा वाढवते, तेव्हा कळवा.

मेट्रोनिडाझोल, को-ट्रायमोक्साझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन, फ्लुकोनाझोल ह्यांनी जुन्या गटात आयएनआर चढतो. तोंड आलं म्हणून लावायचं मायकोनाझोलचं जेल, तेसुद्धा चढवतं, साधं जेल म्हणून कुणी सांगतही नाही. दुखऱ्या गुडघ्यावर रोज भरपूर चोळायचा मिथाइल सॅलिसिलेट असलेला बाम, त्यानंही फरक पडतो. उलट्या बाजूला टीबीची रिफाम्पिसिन आणि फिटची फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन, ही औषधं गोळीचा असर कमी करतात, आणि हे नव्या गटालाही लागू आहे. त्यामुळं टीबीचा कोर्स सुरू होताना ही गोळी चालू आहे हे सांगितलंच पाहिजे.

कमरेत किंवा दंडात सुई मारून घ्यायची आपल्याकडं फार सवय, "सुई शिवाय बरं वाटत नाही". ही गोळी चालू असताना स्नायूत दिलेल्या इंजेक्शनच्या जागी आत रक्त साठून मोठी गाठ येऊ शकते. गल्लीतल्या डॉक्टरांकडं गेलात तरी पहिलं वाक्य हेच: मी रक्त पातळ करायच्या गोळीवर आहे.

आणि पायाला तेल लावून जोरात रगडणं, मालीशवाल्याकडून पाय दाबून घेणं, हे गाठ झालेल्या पायाला नको. सूज असेल तर पाय उंचावर ठेवा, चाला.

बायकांसाठी वेगळं सांगतो, कारण हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. घरात पूजा आहे, लग्न आहे, यात्रा आहे म्हणून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या थेट दुकानातून घेतल्या जातात. ज्यांना एकदा गाठ झालीय त्यांनी ह्या गोळ्या आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या स्वतःहून कधीच घेऊ नयेत, गाठीचा धोका वाढतो. ताई, वहिनी, काकू, कुणीही येऊन मागितली तर मी आधी हेच विचारतो. रक्त पातळ करायच्या गोळीवर पाळीत जास्त जाऊ शकतं, तासाला पॅड बदलावं लागत असेल किंवा चक्कर येत असेल तर सहन करत बसू नका, डॉक्टर बाईंना दाखवा, हिमोग्लोबिन तपासा. आणि मूल हवं असेल तर दिवस राहायच्या आधी सांगा. वॉरफरिनमुळं पोटातल्या बाळाला इजा होऊ शकते, नव्या गोळ्याही गरोदरपणात चालत नाहीत, त्या काळात हेपरिन जातीची इंजेक्शनं देतात. पाळी चुकली तर त्याच आठवड्यात टेस्ट करा.

७. उपास, वारी, ऊन आणि प्रवास

एकादशीला गोळी सोडायची नाही. गोळीनं उपास मोडत नाही, आणि रिव्हारॉक्साबॅन असेल तर साबुदाण्याची खिचडी, भगर-आमटी असं पोटभर फराळासोबत घ्या. नऊ दिवसांच्या कडक उपासात जेवण तुटलं की वॉरफरिनवाल्यांचा आयएनआर सरकतो, तेव्हा असा उपास करायचा की नाही ते नवरात्राच्या आधी विचारा. रोजे ठेवणाऱ्यांनीही रमजानच्या आधीच सेहरी-इफ्तारच्या वेळा सांगून डोस कसा बसवायचा ते ठरवून घ्या, कारण दोनदाच्या गोळीतलं अंतर बदलतं.

आषाढी-कार्तिकीला पंढरपूरला चालत जाणार असाल तर चालणं चांगलंच आहे, पण डॉक्टरांची परवानगी आधी. गोळ्या दिंडीच्या ट्रकातल्या सामानात ठेवू नका, ट्रक पुढं आणि तुम्ही मागं असं होतं, कमरेच्या किंवा खांद्याच्या पिशवीत ठेवा, चिठ्ठीसकट. अनवाणी चालू नका. सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्यांनी सराव सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांशी बोला, पडणं-आपटणं झालं तर ह्या गोळीवर ते साधं राहत नाही.

सोलापूरचा उन्हाळा तर सगळ्यांना माहीत आहे, पारा बेचाळीसच्या पुढं जातो. शरीरातलं पाणी कमी झालं की किडनीवर ताण येतो आणि नव्या गटातल्या गोळ्या काही प्रमाणात किडनीतूनच बाहेर पडतात, डॅबिगॅट्रान तर बरीचशी. त्यामुळं एप्रिल-मेमध्ये पाणी, ताक, लिंबूपाणी मुद्दाम वाढवा (हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर किती पाणी ते विचारून), आणि क्रिएटिनिन (किडनीची), सीबीसी (रक्तपेशींची), लिव्हर ह्या तपासण्या वर्षातून निदान एकदा, वय जास्त असेल किंवा किडनी कमजोर असेल तर आणखी लवकर.

विडीच्या सुपासमोर तासन्‌तास मांडी घालून बसणाऱ्या आमच्या बायकांना कळकळीनं सांगतो, तासा-तासानं उठा, अंगणात दोन फेऱ्या मारा. पुण्याला रेल्वेनं जाताना, एसटीत, गाडीत तेच, पायाचे घोटे हलवत राहा, आणि पाणी पिणं टाळू नका.

८. दाढ काढायची असेल किंवा ऑपरेशन असेल तर

क्रम असा: आधी दाताच्या डॉक्टरांना गोळी सांगा, मग गोळी देणाऱ्या डॉक्टरांशी त्यांचं बोलणं घडवून आणा, मगच तारीख घ्या. साधी एखादी दाढ काढायला बऱ्याचदा गोळी पूर्ण बंद करावी लागत नाही, आयएनआर बघून आणि जागेवर टाके, दाब, औषध वापरून काम होतं. मोठ्या ऑपरेशनला वॉरफरिन साधारण ५ दिवस आधी थांबवतात, नव्या गोळ्या त्याहून कमी दिवस, पण तारखा तुम्ही ठरवायच्या नाहीत. लिहून घ्यायचं ते दोन्ही: कधी थांबवायची आणि परत कधी सुरू करायची. दुसरी तारीख न विचारल्यामुळं ऑपरेशननंतर गोळी सुरूच झाली नाही, असं होतं. गाठ झाल्यापासून पहिल्या तीन महिन्यांत, त्यातही पहिल्या महिन्यात, टाळता येण्यासारखं ऑपरेशन पुढं ढकलता येतं का ते जरूर विचारा.

९. रक्त आलं तर, गाठ परत वाटली तर

नाकातून रक्त आलं तर डोकं मागं टाकू नका, पुढं वाकून बसा, नाकाचा मऊ भाग १० ते १५ मिनिटं सलग दाबा, मधे सोडून बघू नका. थांबलं नाही तर दवाखाना. कापलं तर स्वच्छ कपड्यानं दाबून धरा. दात घासताना थोडं येत असेल तर मऊ ब्रश घ्या आणि वहीत लिहा.

पण ह्या गोष्टींना वेळ घालवायचा नाही: डांबरासारखी काळी शी, लाल लघवी, रक्ताची उलटी, अचानक जोराचं डोकं दुखणं, बोलणं अडखळणं, हात-पाय लुळा पडणं. आणि डोक्याला मार. टू-व्हीलरवरून पडलात, वर जखम नाही, चांगलं बोलताय, तरी त्याच वेळी हॉस्पिटल. ह्या गोळीवर डोक्याच्या आत रक्त हळूहळू साठू शकतं आणि लक्षणं नंतर दिसतात. १०८ ला फोन करा, नाहीतर रिक्षा करा, सिव्हिल किंवा जे मोठं हॉस्पिटल जवळ असेल तिथं जा आणि गोळीचं नाव आणि शेवटची कधी घेतली ते सांगा.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. एका पायाला नव्यानं सूज, पोटरी दुखणं, अचानक दम लागणं, श्वास घेताना छातीत टोचणं, खोकल्यातून रक्त, म्हणजे गोळी चालू असतानाही गाठ झाली असू शकते. गॅस आहे म्हणून सोडा पीत बसू नका.

१०. गोळी कधी आणि कशी बंद करायची

कमीत कमी तीन महिने, हे जवळजवळ सगळ्यांना. ऑपरेशन, प्लास्टर, मोठं आजारपण असं स्पष्ट आणि निघून गेलेलं कारण असेल तर बऱ्याचदा तीन महिन्यांनी थांबवतात. कारण सापडलं नाही, गाठ दुसऱ्यांदा झाली, कॅन्सर चालू आहे, किंवा अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमसारखा रक्त गोठण्याचा आजार निघाला, तर जास्त काळ, कधी कधी कायम. ह्या शेवटच्या आजारात सहसा वॉरफरिनच पसंत करतात, तेव्हा त्यात स्वतःहून नवी गोळी मागू नका. सहा महिन्यांनंतर काही पेशंटना रिव्हारॉक्साबॅन १० एमजी किंवा अ‍ॅपिक्साबॅन २.५ एमजी असा कमी डोस देतात. कायम घ्यायची असेल तरी वर्षातून एकदा डॉक्टरांसमोर बसून, अजून गरज आहे का आणि रक्तस्रावाचा धोका वाढलाय का, ते तपासून घ्या.

तीन महिन्यांनी डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, केली आणि त्यात जुनी गाठ थोडी दिसतेय असं लिहून आलं तर घाबरून जाऊ नका. बऱ्याच जणांच्या शिरेत व्रणासारखं काहीतरी राहतं, गोळी फुकट गेली असा त्याचा अर्थ नाही. आणि उलट, रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून त्याच दिवशी गोळी सोडूही नका.

बंद करायचं ठरलं तर शेवटच्या गोळीची तारीख लिहून घ्या, उरलेल्या स्ट्रिपा घरातल्या दुसऱ्या कुणाला देऊ नका, आणि पुढचे काही महिने पाय आणि श्वास ह्यांच्याकडं लक्ष ठेवा. वही आणि फाईल मात्र फेकू नका. पुढं कधी ऑपरेशन, प्लास्टर, बाळंतपण किंवा बरेच दिवस अंथरुणावर राहायची वेळ आली तर मला आधी गाठ झाली होती हे पहिल्यांदा सांगायचं, कारण त्या काळापुरती इंजेक्शनं किंवा गोळी परत लागू शकते आणि डॉक्टरांना ते आधी कळलं तरच ते वेळेत सुरू करू शकतात.